सावलीला मालक असतो

२ मार्च

पोहोचले एकदाची उत्तरेच्या वाळवंटात, लोडवारला! बसमधून पाय खाली टाकला आणि भट्टीचं दार उघडावं तशी झळ तोंडावर आली. बाकीच्या बायकांनी कपाळाला हात लावला, मी मात्र छाती भरून श्वास घेतला. छातीतली शिट्टी वाजली नाही, खोकला आला नाही. न्यांदारुआच्या डोंगरातल्या धुक्यात सगळा जन्म गेला, बटाट्याच्या शेतातली ओल छातीत मुरून बसली होती. डॉक्टर मला म्हणाला होता, हे बघ वांगेची, कोरड्या उन्हात जा, नाहीतर हा दमा तुला घेऊन जाईल. मागे रडायला कोणी नव्हतंच. शिलाईचं मशीन उचललं आणि आले.

खोली पत्र्याची आहे. शेजारी नापेयोक नावाची बाई चहा विकते, आणि तिची जीभ तिच्या चहापेक्षा कडक आहे. माझा लोकरीचा स्वेटर तिने गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून दाखवला. अगं डोंगरवाले, म्हणाली, हा काय बकरीला घालणार? इथे थंडी कधी पडते, असं मी विचारलं. तर म्हणे, इथे जानेवारी काय नि जुलै काय, सगळ्या महिन्यांचं तोंड एकच. पाऊस येतो एखाद्या वर्षी, पण घाईतल्या पाहुण्यासारखा, पाणीसुद्धा न पिता जातो. मला हेच तर हवं होतं! स्वेटर पेटीच्या तळाशी टाकला.

७ मार्च

शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं. सकाळभर मशीन चालवते. दुपारी पत्रा असा तापतो की कात्री हातात धरवत नाही. त्या वेळी सगळं गाव आपापल्या झाडाखाली जातं. बायका ताडाच्या पानांच्या टोपल्या विणत एकमेकींना चिमटे काढत असतात. त्यांची भाषा मला येत नाही. हसू मात्र कळतं, आणि आपण त्यात नाही हेही कळतं.

आज कोरड्या नदीच्या काठाने चालत गेले. तिथे एक डेरेदार बाभूळ आहे, गावातल्या कुठल्याही झाडाहून मोठी, आणि खाली चिटपाखरू नाही. शेळ्यासुद्धा वळसा घालून गेल्या. गाव आंधळं आहे की काय, असं मनात म्हटलं आणि बसले. तिथेच डोळा लागला. कोणीतरी उशाशी बसून राहिलं की लागते तशी गाढ झोप. कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

८ मार्च

मोठ्या फुशारकीने नापेयोकला सांगितलं. तिचं हसू मावळलं. कुणाला विचारून बसलीस, म्हणाली. आता झाडाला विचारायचं का, असं मी म्हटल्यावर ती भडकलीच. तुमच्या डोंगरात जमिनीला मालक असतो, आमच्याकडे सावलीला. लांबूनच हाक मारायची, मालकिणीने ये म्हटलं तरच टेकायचं. ती सावली म्हाताऱ्या अपुआची. मागच्या दुष्काळात मुलगे तिला तिथे बसवून, जनावरं घेऊन उत्तरेला गेले. येतो म्हणाले, आले नाहीत. अपुआ बसल्या जागी मेली, तिथेच पुरली. आता हाकेला ओ द्यायला कोणी नाही, म्हणून तिथे कोणी बसत नाही.

मी म्हटलं, बिचारीला जरा सोबत झाली तर तिचं काय बिघडलं? यावर नापेयोकने तिच्या भाषेत मला जे म्हटलं ते नक्कीच शिवी असणार.

१३ मार्च

रोज जाते. खरं लिहायचं तर सावलीसाठी जात नाही. तिथे एकटं वाटत नाही म्हणून जाते.

आज परत येताना भर उन्हात चालत होते, तरी अंग गार. वाळूचा पायांना चटकाच बसेना. चपला हातातच राहिल्या होत्या, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

१७ मार्च

स्वेटर बाहेर काढला. नापेयोक हसली नाही. मी तिच्या चुलीपाशी हात शेकत बसते आणि भोवतीच्या माणसांच्या मानेवरून घाम ओघळत असतो. काल छातीत शिट्टी वाजली. तीच जुनी, ओली शिट्टी. इथे, या उन्हात!

२१ मार्च

सूर्य हल्ली दुपारी अगदी डोक्यावर येतो. माणसाची सावली पायाखाली जाते, दिसतसुद्धा नाही.

बाजारात सगळ्यांची तशीच होती. माझी मात्र शेजारी. रुंद, पसरलेली, फांद्यांच्या जाळीची. आणि तिच्यात कोणीतरी गुडघे मुडपून बसलेलं. मी चालले तर ते बसल्या बसल्याच बरोबर आलं. भाजीवालीने पोर मागे ओढलं. गणवेशांचं कापड शाळेने परत मागवलं आहे.

मला भीती वाटते. फार भीती वाटते.

२४ मार्च

नापेयोकने स्वतः बसमध्ये बसवून दिलं. डोळे पुसत म्हणाली, जा बाई, धुक्यात मर, पण माणसांत मर.

उन्हाच्या खिडकीपाशी बसले. काचेवर ऊन होतं, माझ्यावर नव्हतं. शेजारची बाई कुडकुडायला लागली, उठून पुढे गेली. गाव मागे पडलं तसा श्वास आखडत गेला. ओठ निळे पडले म्हणे. ड्रायव्हर घाबरला, त्याने रस्त्यातच उतरवलं. परत चालत आले — पाऊल झाडाकडे पडलं की श्वास मोकळा, दुसरीकडे वळलं की बंद —

२६ मार्च

झाडाखालीच आहे. इथेच श्वास येतो. नापेयोक चहा आणते, लांब उन्हात ठेवून हाक मारते. तिला जवळ बोलवावंसं वाटतं. नाही बोलावलं.

आज तिने मला शपथ घ्यायला लावली. कोणी अनोळखी इकडे वळलं तर ओरडून हाकलायचं. आमच्या माणसांना माहीत आहे गं, म्हणाली, परक्यांना आता तूच सांगायचं. मी आईची शपथ घेतली. माझ्यासारखं कुणाचं होऊ देणार नाही.

२८ मार्च

चहा आला नाही. की आला — हाक ऐकू आली नाही? ऊन इतकं की सगळं पांढरं —

सावलीत माझ्या शेजारी बसलेली ती बोलत नाही. नुसती बसते. वाट पाहते. मला वाटलं, मुलांची. तसं नाही. कोणाचीही.

२९ मार्च

नदीच्या कोरड्या पात्रातून एक बाई येते आहे. डोक्यावर गाठोडं. आजच्या बसने आली असणार. घाम पुसते — झाड दिसलं तिला — हसली —

ओरडायला हवं. श्वास आहे. तेवढा आहे अजून. थांब म्हणायचं, एवढंच तर —

दमली आहे. एकटीच आहे बिचारी. हाक मारली नाही तिने, विचारलं नाही —

नापेयोक, मी ओरडणार होते, आईशपथ, तोंड उघडलं होतं मी, पण किती दिवसांत कोणी —

जरा सरकले. तिला जागा