रावजीचा दिवस

॥ श्री ॥
वरची वाडी, ता. पोलादपूर
१० नोव्हेंबर १९६३

चि. सौ. सरोज हीस आजी ठमाबाईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. मी हितं खुशाल हाय, तुमची दोघांची खुशाली कळवावी. चिंतामणीमास्तरांना माझ्या अक्षराला हसू नका म्हणावं. सोनबा सुभेदारानं पाटीवर गिरवून घेतलं तेवढंच येतं. जोडाक्षर आलं की बोटं अडतात.

भात झोडून झालं. काळी म्हैस गाभण हाय. बाकी वाडीत कुणाशी बोलावं तर सगळी पोरं मुंबईला. अगो, मुख्य गोष्ट ऱ्हायलीच! तुझ्या बापाचा दिवस जवळ आला, बारा डिसेंबर. मला आत्तापासून लगीनघर असल्यासारखं वाटतंय. तुला ठाऊक हाय, पण मास्तरांना कळावं म्हणून लिहिते. लढाईवरनं जिवंत आलेल्यांनी मंडळ काढलं, तेव्हाच सुभेदारानं ठरवलं की मेलेल्याला नुसता हार घालायचा नाय. जो ज्या तारखेला पडला, त्या तारखेला त्याच्या घरी जाऊन त्याच्या वाटचं काम करायचं. पावसात आंबेनळी घाटातली दरड उपसतात, आजारी माणूस डोलीतनं पोलादपूरला उतरवतात, तेच सगळे त्या दिवशी आपल्या अंगणात. आणि एक जण दिवसभर त्याच्याच नावानं राबतो. आपल्याकडं चांगू. वरीसभर मला काकी म्हणतो, त्या दिवशी आये म्हणतो. पहिली हाक घरच्या बाईनं मारायची, मगच कुदळी उचलायच्या. मी पडवीतनं रावजी म्हणून वरडते आणि तो ओ देतो.

पण गेल्या साली त्यांनी कौलं चाळली, गोठा शाकारला. आता कामच उरलं नाय, दुपारीच उठून जातील. म्हणून मी परसातल्या गडग्याचे धोंडे काढून खाली लोटले. म्हैस जाईल एवढं खिंडार पाडलंय. विचारलं तर वानरांनी पाडलं म्हणून सांगणार. तू कुठं बोलू नको हां.

तुझी आजी ठमाबाई हिचा जीव तुझ्यापाशी हाय, हे ध्यानात असू दे.

॥ श्री ॥
महाड
१७ नोव्हेंबर १९६३

तीर्थरूप आजीस सरोजचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. तुझे पत्र ह्यांना वाचून दाखवले. हे म्हणाले, खिंडार पाडायला आजींनाच फौजेत भरती करायला हवी होती. खूप हसलो. पण ह्या वयात धोंडे लोटायचे? कंबर धरली तर तुला तांब्याभर पाणी कोण देणार?

एक गोष्ट कधी बोलले नाही, ती लिहिते. लहानपणी त्या दिवशी मी चांगूकाकांना बा म्हणायची. एकदा दुसऱ्या दिवशीही पाणवठ्यावर बा म्हणून धावले, तर तू मला ओढत घरी आणलेस आणि म्हणालीस, काल होता, आज नाही. तेव्हापासून मला तो दिवस नकोसा झाला. इटलीच्या लढाईत पडलेल्या माझ्या बाचा चेहरा मला आठवतच नाही, चांगूकाकांचाच आठवतो. लग्नानंतर त्या दिवशी मी का येत नाही, ते आता कळले ना? तूच इकडे राहायला ये. खोल्या लहान आहेत, पण हाकेला माणूस आहे.

वडीलधाऱ्या हाताची ऊब आम्हांवर राहू द्यावी. तुझी, सरोज.

॥ श्री ॥
वरची वाडी
२५ नोव्हेंबर १९६३

चि. सौ. सरोज हीस अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र वाचून मी खूप वेळ चूल पेटवली नाय. त्यावर एवढंच लिहिते, जास्त येत नाय.

काल सुभेदार आला. खिंडार बघून मिशीत हसला, म्हणाला, काकी, ह्या वानरांच्या हातात बांगड्या दिसतात. मग ओसरीवर बसून टोपी मांडीवर ठेवली, तेव्हाच मी समजले, कायतरी मागायला आलाय. खालच्या आळीच्या बयाबाईचा रामा गेल्या साली चीनच्या लढाईत पडला. आधी हरवला म्हणून कळलं, मग मेला म्हणून. तारीख कुणालाच ठाऊक नाय, म्हणून त्याला दिवसच नाय. मंडळ म्हणतंय, ह्या साली रावजीचा दिवस रामाला द्यावा. तिची मागली भिंत पावसात बसलीय. आणि रामा व्हायचं चांगूनं, तेवढा उंच दुसरा कुणी नाय. काकी, तुमची मर्जी असंल तरच, म्हणाला.

मी द्या म्हटलं, आणि च्याचं न विचारताच आत गेले. राग आलाय मला. पोराचा एक दिवस, तो पण मागायला आले गो!

तुझी आठवण काढणारी आजी.

॥ श्री ॥
महाड
१ डिसेंबर १९६३

तीर्थरूप आजीस सरोजचा साष्टांग नमस्कार. वि. वि. आता तिथे थांबू नकोस. दुसऱ्याच्या अंगणात चांगूकाका राबताना तुला बघवणार नाही. येत्या रविवारी हे तुला न्यायला येत आहेत. पिशवी भरून ठेव. म्हैस शेजारची मैनाकाकी बघेल.

वाट पाहणारी, सरोज.

॥ श्री ॥
वरची वाडी
१३ डिसेंबर १९६३

चि. सौ. सरोज हीस आजीचे आशीर्वाद. वि. वि. मास्तर आले, जेवले, आणि मी त्यांच्यासंगं आले नाय. ह्याचा राग धरू नको. पिशवी भरली व्हती. यष्टीच्या वेळेला पाय निघंना.

काल बयाबाईकडं गेले. मदतीला म्हणून निघाले, पण खरं तर बघायला, की माझ्याबिगर कसं व्हतंय. बयाबाई उंबऱ्यात बसलेली. समोर सगळे रांगेत, पुढं चांगू, खांद्यावर कुदळ. तिनं हाक मारावी म्हणून थांबले, तर ती तोंड उघडंना. उन्ह अंगणभर झालं. सुभेदार म्हणाला, ऱ्हाऊ दे, तसंच लागू कामाला. तेव्हा ती बोलली, की ह्याला रामा म्हटलं म्हणजे माझा रामा गेला असं मीच कबूल केल्यागत व्हईल.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, बये, गेलाय तो. आणि हा काय रामा व्हत नाय. मी इतकी वर्षं बघितलंय, संध्याकाळी हातपाय धुतले की चांगूचा चांगूच. पण एक दिवस पोराचं नाव मोठ्यानं वरडायला मिळतं. एरवी वरडलीस तर लोक म्हणतील, बाई खुळावली.

मग तिनं हाक मारली. अशी मारली की परड्यातली कोंबडी उडाली. रामा मेल्या, उन्हात उभा ऱ्हाऊन काळा पडशील की रं, म्हणाली. चांगूनं ओ आये म्हटलं आणि कुदळ घातली. मग ती दिवसभर त्याला नावं ठेवत व्हती, माती पातळ झाली म्हणून, धोंडा तिरका बसला म्हणून. तिचा आवाज वाडीनं वरसानं ऐकला.

दुपारी भाकऱ्या मी वाढत व्हते. चांगू पाठमोरा भिंतीशी. माझ्या तोंडनं सवयीनं गेलं, रावजी, भाकर घे रं.

चांगूचा हात ओल्या मातीत थांबला. पण त्यानं ओ दिली नाय, मान वळवली नाय. बयाबाई माझ्याकडं बघत ऱ्हायली, मग हळू म्हणाली, रामा, काकीच्या हातची भाकर घे. तेव्हा तो उठून आला, ओंजळ पुढं केली आणि डोळे खालीच ठेवले.

बरोबर केलं त्यानं. चांगला शिपाई हाय.

माया पातळ व्हऊ देऊ नको.

तुझी आजी ठमाबाई.