गलगंडाचा कापूस

बालाघाट, रविवार, २१ जानेवारी १९६८

काल शाळेत माझं नवं नाटक झालं. त्यातल्या राजाच्या गळ्याला मी कापसाचा मोठा गलगंड बांधला होता. सत्तेचं ओंगळ रूप पाहून लोकांच्या अंगावर काटा यावा, एवढीच इच्छा. लोक खदखदा हसले. तेही सोसलं असतं. पण ते मागे वळून वळून हसत होते, आणि मागे दाराशी आमचे शिपाई सोनबाजी उभे होते. त्यांचा गलगंड खरा आहे.

लिहिताना ते मला आठवले नव्हते? खोटं कशाला लिहू, कापूस त्यांच्यावरूनच सुचला.

आज संध्याकाळी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. मी विषय काढायच्या आत तेच म्हणाले, "गुरुजी, नाटक मस्त झालं. लोकं किती खूश होते, माह्याकडेच पाहत होते. पुढच्या खेपेले मलेच राजा करा ना. कापूस काहून वाया घालवता?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता. मी "हौ" म्हणून उठलो.

माफी राहिलीच. आता ती मागायची तर लोक कशाला हसत होते, ते आधी त्यांना समजावून सांगावं लागेल.