कच्चं खायची परवानगी

१२ जानेवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. भाजलेल्या भोपळ्याच्या फोडी, उकडलेले चणे, वरून लिंबू आणि मिरपूड, सगळं तू लिहिलंस तसंच केलं. चव चांगली होती. पण अक्का, याला सॅलड म्हणणं म्हणजे सॅलडची थट्टा आहे. दाताखाली करकर वाजत नाही ते कसलं सॅलड? सहा महिने होत आले, या तोंडात एक कच्चं पान गेलेलं नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढेपर्यंत कच्चं काही चालायचं नाही, साधी काकडीसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय आणि तुझी भावजय डोळ्यांत तेल घालून पहारा देते. माझा चमचासुद्धा उकळून घेते.

काल फार दिवसांनी बाहेर पडलो आणि कोर्टासमोरच्या कॅफेत जाऊन बसलो. हिरव्या पाटीवर सोनेरी अक्षरं, एकोणीस वर्षांपूर्वी मीच रंगवलेली. मालकाने ओळखलं, घरून नेलेल्या माझ्या पेल्यात गरम चहा ओतून दिला. शेजारच्या टेबलावर एक मुलगी मुळा, सफरचंद आणि कसली तरी पानं घातलेला मोठा वाडगा घेऊन बसली होती. मी त्या वाडग्याकडे इतकं टक लावून बघितलं की तिने खुर्ची फिरवून घेतली.

या शहरातल्या पन्नासेक कॅफेंच्या पाट्या आणि मेनूचे फळे माझ्या हातचे. 'ताजं सॅलड' हे शब्द मी किती वेळा रंगवले असतील याला गणती नाही. पण हात रंगाने माखलेले असायचे, म्हणून शिडीवर उभ्या उभ्या पाव आणि उकडलेलं अंडं खाऊन मोकळा व्हायचो. आता अकरा कॅफेंची यादी केलीय. परवानगी मिळाली की एकेक करून सगळे गाठणार. आमची टिल्ली एप्रिलमध्ये जहाजावरून उतरतेय, पंधरा दिवसांची रजा मंजूर झालीय. तोवर पेशींनी मनावर घेतलं तर पहिला कॅफे लेकीबरोबर.

कळावे. लोभ आहे तो वाढावा आणि पाककृतीत काहीतरी कुरकुरीत यावं.
तुझा,
धाकल्या

२० जानेवारी

चि. धाकल्यास,
अनेक आशीर्वाद.

नाकाने कांदे सोलायची तुझी सवय आजारपणातही गेली नाही हे वाचून बरं वाटलं. मी इथे नर्सिंगच्या दोनशे मुलींना रोज जेवू घालते, त्यातली एकही माझ्या सॅलडला थट्टा म्हणत नाही. म्हणून बघावं.

तुला करकर हवी ना? कोबी अगदी बारीक चिर. खळखळत्या पाण्यात दोन मिनिटं, घड्याळ लावून. मग लगेच उकळून गार केलेल्या पाण्यात टाक आणि घट्ट पिळून घे. शिजतोही आणि करकरतोही. त्यात उकडलेल्या बीटाचे तुकडे, थोडं तेल, लिंबू, चिमूटभर साखर. आधी आमच्या वहिनीला विचार, ती डॉक्टरांना विचारेल. परस्पर काही करू नकोस.

त्या कॅफेत जाऊन दुसऱ्यांच्या वाडग्यात डोळे घालत जाऊ नकोस, एखादी मुलगी पोलिसात देईल. पण बाहेर पडलास हे चांगलं केलंस. फोन मात्र करू नकोस. स्वयंपाकघरातल्या धूर खेचणाऱ्या पंख्यांनी माझे कान पार कामातून गेलेत. मागच्या वेळी तू काहीतरी सांगत होतास आणि मी नुसती हो हो म्हणत होते. पत्र मला तीनदा वाचता येतं.

टिल्ली येतेय तर तिच्यासाठी काकडी, सफरचंद आणि पुदिन्याचं सॅलड लिहून ठेवते. तोवर तुलाही ते चालेल अशी मला आशा आहे.

माया आहेच, ती वेगळी काय लिहायची.
तुझी,
अक्का

२६ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

बसली असशील तर उठून उभी राहा. परवानगी मिळाली.

सोमवारी मोठ्या तपासणीचा निकाल होता. कागदपत्रांसाठी डॉक्टरांनी हिला आत बोलावून अर्धा तास बसवलं. मी बाहेर बसून कॅफेंची यादी पुन्हा पुन्हा वाचत होतो. दोघं बाहेर आली तेव्हा मी जिन्यातच विचारलं, पथ्याचं काय. डॉक्टर म्हणाले की आता सगळं खा, कच्चं खा, हवं ते खा, फिरायला जा. औषधंही बंद केली. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझा जीव भांड्यात पडला. ही तर रडायलाच लागली.

तिथून थेट कोर्टासमोरचा कॅफे. मुळा, सफरचंद, अक्रोड आणि पानं. वाडगा चाटूनपुसून साफ केला. बुधवारी ग्रंथालयाच्या तळघरातला कॅफे. तिथे टोमॅटो जाड कापतात आणि वर मीठ खडबडीत घालतात, मला ते पटलं. गुरुवारी बस डेपोजवळचा. तिथे माझ्या अक्षरांवर कुणीतरी स्टिकर चिकटवलेत, म्हणून राग आला, पण काकडी इतकी गार होती की माफ करून टाकलं. आज चौथा झाला. औषधं थांबल्यापासून तोंडाची कडवट चवही गेलीय.

टिल्लीला सांगितलं की एप्रिलची रजा वाया घालवू नकोस. तब्येत बरी असताना पंधरा दिवस येऊन काय करणार? ती रजा साठव आणि डिसेंबरात दोन महिन्यांसाठी ये. तोवर मी शिडीवर असेन. नवे ब्रश मागवले आहेत. तूही उन्हाळ्यात गर्दीत येऊ नकोस, तिच्याबरोबरच ये, म्हणजे सगळे एकत्र जेवू.

तुझ्या काकडी-पुदिन्याची वाट बघतोय. आता माझ्यावर कसलीच बंदी नाही.
लोभी,
धाकल्या

३ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या शाळेच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, त्यावरूनच तुला कळलं असेल. घरी नेऊ नकोस.

धाकल्याचं पत्र आलं. ते वाचून मेसमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग चणे निवडायला बसले आणि मनात पाल चुकचुकली. औषधं बंद, पथ्य बंद, हवं ते खा. हे शब्द मी आधी ऐकलेत. बाबांच्या वेळी डॉक्टरांनी मला अंगणात नेऊन हेच सांगितलं होतं. तेव्हा धाकल्या गावी नव्हता, म्हणून त्याला ते माहीत नाही.

माझी शंका खोटी असेल तर मला वेडी म्हण आणि पत्र फाडून टाक. खरी असेल तर मला स्पष्ट लिही. आडून आडून लिहू नकोस. निकालात काय होतं?

तुझी,
अक्का

९ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमची शंका खोटी नाही.

आजार परत आलाय, आधीपेक्षा जास्त. आता देण्यासारखं औषध उरलेलं नाही. सहा आठवडे, फार तर आठ, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना विनवलं की तुम्ही काही बोलू नका, मी घरी सांगते. मी खरंच सांगणार होते. पण जिन्यात यांनी पथ्याचं विचारलं, डॉक्टरांनी उत्तर दिलं आणि यांचा चेहरा असा उजळला की माझी वाचाच बसली. तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही जमलं नसतं.

सात महिने मी भाजीचं पान पान उकळलं. यांच्यासमोर स्वतः कधी टोमॅटो चिरला नाही. आता हे रोज सकाळी दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि अंगात बळ असेल त्या दिवशी आम्ही कॅफेत जातो. वाडगा चाटूनपुसून खाल्ला असं तुम्हाला लिहिलं असेल. वन्सं, हे तीन घास खातात. उरलेलं मी संपवते आणि मालक ताटली न्यायला आला की हे ऐटीत रिकामा वाडगा पुढे करतात. परवा जिना चढताना दोनदा बसावं लागलं. म्हणाले, सवय मोडलीय.

टिल्लीची रजा यांनी रद्द करायला लावली तेव्हा मी शेजारीच उभी होते. तिला एकाएकी बोलावलं तर हे लगेच ओळखतील. आणि बोलावलं नाही तर काय होणार तेही मला दिसतंय. रोज शाळेत हजेरीपटावर आकडे भरते आणि चुकते. मुख्याध्यापकांनी दोनदा बोलावून विचारलं.

तरी पदर पसरून मागते, तुम्ही काही लिहू नका. हे आनंदात आहेत. ते त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

तुमची,
वहिनी

१४ मार्च

चि. धाकल्यास,
अनेक आशीर्वाद.

आज पाककृती नाही. हे पत्र दारात उघडलं असशील तर आत जाऊन बस.

फेब्रुवारीतल्या त्या मोठ्या तपासणीत आजार परत आलेला दिसला. औषधं थांबवली कारण आता लागू पडेल असं औषध नाही. पथ्य सोडलं कारण ते पाळून आता काही मिळणार नाही. डॉक्टरांनी दोन महिन्यांच्या आतलं सांगितलंय. तू बरा झालेला नाहीस.

हे लिहायला मला तीन दिवस लागले. वहिनीने लिहू नका म्हणून विनवलंय, तिचं न ऐकता लिहितेय. तिच्यावर चिडू नकोस. तिने तुझा आनंद बघितला आणि तिचं तोंड उघडलं नाही. मी तुझ्यासमोर असते तर माझंही उघडलं नसतं. मी लांब आहे, म्हणून हे जमतंय.

बाबा आजारी होते तेव्हा तू परगावी सिनेमागृहाच्या भिंती रंगवत होतास. मी तुला लिहिलं की बाबा आता सगळं खायला लागलेत, काळजी करू नकोस, काम पुरं करून ये. ते अक्षरशः खरं होतं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की मागतील ते द्या. बाबा कच्चा मुळा मागायचे आणि मी मीठ लावून द्यायचे. त्यांना वाटायचं आपण सुधारतोय. त्यांनी छपराच्या दुरुस्तीसाठी कौलं मोजून ठेवली होती. तू आलास तेव्हा अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि लोक बसले होते. तू दोन वर्षं मला पत्र लिहिलं नाहीस. डॉक्टरांचे ते शब्द मी तुला आजवर सांगितले नव्हते. तू विचारायचास की अक्का, तुला माहीत होतं का, आणि मी नाही म्हणायचे. मला माहीत होतं.

टिल्लीच्या बाबतीत मी ते पुन्हा होऊ देणार नाही. तिला कामात गुंतवून ठेवणारं पत्र या वेळी तू स्वतः लिहिलंयस. तिला आजच बोलाव. डिसेंबरची गोष्ट काढू नकोस.

मी सामान बांधून ठेवलंय. तू ये म्हणालास की निघते, नको म्हणालास तर नाही येणार. यापुढे काय लिहावं मला कळत नाही.

तुझी,
अक्का

१९ मार्च

ती. अक्कास,

पत्र मंगळवारी मिळालं. मी दारातच उघडलं. त्या दिवशी सातव्या कॅफेत जायचं होतं, पायात बूट चढवलेले होते. ते तसेच ठेवून जिन्यात बसून राहिलो.

आधी कामाचं लिहितो. बुधवारी एकटाच डॉक्टरांकडे गेलो. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. दोन महिनेही त्यांनी आता कबूल केले नाहीत. महिन्यांचा हिशेब सोडा, म्हणाले. मग टिल्लीच्या कंपनीला फोन लावला. तिचं जहाज भर समुद्रात आहे, पुढच्या बंदराला चार एप्रिलला लागेल, तिथून ती सहाला पोचेल. सहा तारखेपर्यंत मी असेन का, असं डॉक्टरांना फोन करून सरळ विचारलं. रोज संध्याकाळी फोन करत जा, एवढंच ते म्हणाले. टिल्लीशी बोललो तेव्हा तिने आधी इंजिनाच्या आवाजावर खापर फोडलं, ऐकू येत नाही म्हणाली. मग म्हणाली, येते.

हिच्याशी भांडलो. सत्तावीस वर्षांत इतका ओरडलो नव्हतो. तिने ऐकून घेतलं. दुपारी बघतो तर बाकावर आडवी होऊन गाढ झोपली होती, चष्मा तसाच डोळ्यांवर. तिला झोपलेलं मी सात महिन्यांत बघितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

आता तुझ्याबद्दल. अक्का, मला तुझा राग आलाय. बाबांच्या वेळी तू सांगितलं नाहीस म्हणून आला होता, आता सांगितलंस म्हणून आलाय, आणि दोन्ही राग खरे आहेत. तू बरोबर केलंस हे मला कळतं. टिल्लीचं तोंड दिसलं तर ते तुझ्यामुळेच. पण ते बावीस दिवस माझे होते. मी बरा होतो. तीन घास खात होतो हे मलाही माहीत होतं, पण वाटायचं की हळूहळू चार होतील. आता समोर काही ठेवलं तरी जात नाही. हिने काल टोमॅटो चिरून दिला, मी नुसता बघत बसलो. नवे ब्रश आले होते, परत पाठवले.

मला भीती वाटते अक्का. दिवसा हिच्यासमोर दाखवत नाही, टिल्लीला सांगता येत नाही. तुला लिहितोय.

लोभ असावा असं शेवटी लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. लोभ आहेच, त्याची विनंती करत नाही. राग निवळेल आणि मग मी तुला बोलावेन, म्हणून वाट बघत थांबू नकोस. तो निवळेपर्यंत मी असेन असं वाटत नाही. रागातच ये.

तुझा,
धाकल्या