सम्राटाच्या वडिलांचं गाव

नाना, चीनचा तो शेतकऱ्याच्या घरातला सम्राट तुम्ही मला दोनदा शिकवलात. पहिल्यांदा आठवीच्या वर्गात, मी तिसऱ्या बाकावर आणि तुम्ही फळ्यापाशी. पुस्तकात त्याच्या घराण्याला जेमतेम चार ओळी होत्या, तुम्ही दोन तास घेतलेत. हा गावचा किरकोळ अंमलदार. कैदी मजुरांना राजाच्या थडग्याच्या कामावर पोचवायला निघाला, वाटेत बरेच पळाले, तेव्हा यानं उरलेल्यांनाही सोडून दिलं आणि स्वतः डोंगरात दडला. तिथून बंडखोर झाला, मग सम्राट. आल्या आल्या जाचक कायदे मोडीत काढले, शेतसारा हलका केला. पुढे मात्र ज्यांच्या जिवावर राज्य मिळवलं त्याच सरदारांवर संशय घेत बसला. वडील त्याला पहिल्यापासून कष्टाळू भावापुढे बिनकामाचा म्हणायचे. सम्राट झाल्यावर भर मेजवानीत त्यानं पेला उचलून वडिलांना विचारलं, "आता सांगा, भावाची मिळकत मोठी की माझी?" सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. "बापाला असं विचारू नये," एवढंच म्हणालात आणि फळा पुसलात.

आई गेल्यावर मी तुम्हाला शारजाला घेऊन आलो. अल मजाजमध्ये चौदावा मजला, दोन लिफ्ट, खाली खाडीचं पाणी. पहिल्याच दिवशी बाल्कनीत नेऊन मी विचारलं, "कसं काय वाटतं घर?" तुम्ही म्हणालात, "छान आहे. स्वच्छ आहे." मला तेवढंही पुरलं, इतका मी खुळा होतो. सहा महिन्यांत तुम्ही खूप कमी बोललात. ज्या माणसाच्या आवाजानं शेजारचा वर्ग गप्प व्हायचा, तो माणूस सुनेला पाणी मागायलाही संकोचायचा.

दुसऱ्यांदा तो सम्राट तुम्ही तुमच्या नातीला सांगितलात, ती दुबईतल्या ऊद मेथाच्या शाळेतून आल्यावर. मी स्वयंपाकघरात चहा गाळत ऐकतोय. सम्राटाचे वडील राजवाड्यात झुरायला लागतात. त्यांना हवे असतात गावचे खाटीक, दारू विकणारे, कोंबड्यांच्या झुंजी लावणारे. मग मुलगा राजधानीजवळ हुबेहूब तेच गाव बांधतो, माणसं आणून वसवतो. कुत्री नि कोंबड्या रस्त्यात सोडतात, तर त्या बरोबर आपापल्या घरात शिरतात. नात विचारते, "सो ही वॉज हॅपी, राइट?" तुम्ही म्हणता, "तसं लिहिलंय खरं. पण लिहिणारे मुलाच्या राज्यातले, बाळ."

ते मला लागलं. पुढच्या शुक्रवारी मी मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पमधून आपल्या वाडीचे दोघे सुतार जेवायला आणले. सोफा असून ते तुमच्यासोबत जमिनीवर बसले आणि तुम्ही दुपारभर बोललात. निघताना त्यातला एक म्हणाला, "नाना, शिमग्याला जातोय आम्ही. सुट्टी अप्रूव्ह झाली, खलास. तुम्ही पण चला की. पालखी आली तर घर उघडं नको?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. देवीची पालखी घरोघर फिरते आणि बंद दारावरून तशीच पुढे जाते, हे मला काय सांगायला हवं होतं?

मी म्हटलं, "पासपोर्ट व्हिसाच्या स्टॅम्पिंगला गेलाय. आला की लगेच." तुम्ही रोज नाश्त्यानंतर विचारायचात, "आला का रे?" मग दिवसाआड. मग विचारणंच सोडलंत. शिमगा झाला. गावाहून कोणीतरी फोनवर सांगितलं की पालखी आपल्या अंगणात थोडी थांबली आणि गेली. तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. दीड महिन्यानं भर दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही गेलात.

याला आता कितीतरी वर्षं झाली. परवा माझा व्हिसा रिन्यू करायला गेलो, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, अब पासपोर्ट पे स्टॅम्प नहीं लगता." घरी आलो आणि कागद काढला. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहितोय. तुमचा पासपोर्ट शिमग्याच्या अकरा दिवस आधीच आला होता, नाना. माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होता. गेलात तर परत येणार नाहीत, याची मला खात्री होती. आईच्या वेळी मी नव्हतो, तुमच्या वेळी तरी असावं, असं वाटायचं. तुम्हाला पेटीतून घरी न्यायचं ठरलं तेव्हा कागदपत्रांसाठी वकिलातीनं पासपोर्ट मागितला. मी तो पाच मिनिटांत काढून दिला.