धोंडिबाची बंदूक आणि तांबडी रेघ

सोलापूर, बुधवार, १४ नोव्हेंबर १९३४
लोलक अखेर सरळ लटकला. सागाचा ठोकळा, चार दोऱ्या, पुढच्या खळग्यात शाडू भरलेला. छर्रा शाडूत रुतला की ठोकळा मागे झुलतो आणि कागदाचा काटा पट्टीवर ढकलत नेतो. झोला जितका मोठा, तितकी बंदुकीची ताकद. पट्टीवर तांबडी रेघ ओढली. काटा तिच्यापलीकडे गेला तर ती बंदूक स्पर्धेतून बाद.
गेल्या साली एका वकिलाच्या हवेच्या बंदुकीचा छर्रा निशाणाच्या फळीतून आरपार गेला आणि माळ्याची घागर फुटली. तेव्हापासून आमच्या नेमबाजीच्या क्लबाला मर्यादेची आठवण झाली. शाळेत शास्त्र शिकवतो म्हणून परीक्षक मी.
सेक्रेटरी बघायला आले. ठोकळा हलताना पाहून म्हणाले, मास्तरांकडे पाळणा हलला एकदाचा. सगळे हसले. मीही हसलो, न हसून काय करतो. अकरा वर्षांच्या संसारात पाळणा हलला नाही, आता संसारही नाही. त्यांना हे ठाऊक आहे. बोलताना लक्षात नसेल.
खाणावळीत वांगं, परत.

रविवार, १८ नोव्हें.
धोंडिबा सकाळी नेहमीप्रमाणे. मागच्या अंगणात दोघांनी मिळून साठेक छर्रे मारले. त्याचे नेम माझ्याहून सरस, हे आता लिहायचीही गरज नाही.
हा मोहोळकडचा, गिरणीत फिटर. ही गेली त्या वर्षी दाराची कडी बसवायला म्हणून आला, भिंतीवरची बंदूक बघून थबकला, आणि पुढच्या रविवारी आपली बंदूक घेऊन हजर. तीन वर्षं झाली. दोन तासांत आम्ही दहा वाक्यं बोलत असू. माझं आठवड्याचं बोलणं तेवढंच. वर्गातलं धरत नाही.
यंदा स्पर्धा सर्वांना खुली. त्याचं नाव मीच घातलं. तो नको नको म्हणत होता. "तितं सगळी कोटवाली मान्सं, मास्तर." मी म्हटलं, काटा कोट बघत नाही.
धों.ची बंदूक जरा खाली मारतेय. आतल्या दट्ट्याचं चामडं वाळलंय. म्हटलं, करडईचं तेल सोडा, मऊ होईल.
दुपारी झोप नाही. धोब्याचे कपडे आले, एक पंचा कमी.

शनिवार, २४ नोव्हें.
तपासणी झाली. अकरा बंदुका, प्रत्येकीचे तीन बार. दहा पास. अकरावी धों.ची.
धुतलेला सदरा घालून आला होता. बंदूक घासूनपुसून लखलखीत. पहिल्या बाराला काटा रेघेपलीकडे दोन बोटं. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला थोडा कमी, पण पलीकडेच. वऱ्हांड्यातले सगळे पट्टीवर वाकले. कुठून तरी तळणीचा वास येत होता, उगाच भूक लागली.
सेक्रेटरी म्हणाले, फिटर आहे, स्प्रिंग बदलणं त्याच्या हातचा मळ. एकदोघांनी माना हलवल्या. माझ्याकडे सगळे बघत होते. मी म्हणालो, आत काहीतरी केलेलं दिसतंय खरं. आणि वहीत शेरा लिहिला: 'फेरफार. बाद.'
से.नी धों.ला विचारलं, कबूल आहे का. तो त्यांच्याकडे बघेना. माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर म्हनतील त्ये खरं." बंदूक फडक्यात गुंडाळली आणि गेला.
आज लोलकाला कोणी पाळणा म्हणालं नाही. से.नी जाताना यंत्राची तारीफ केली.

रविवार, २५
स्पर्धा. धों.शिवाय. कप वकिलांना. निशाणं बघून आलो, धों.ने डोळे मिटून मारली असती.
राग येतोय. स्प्रिंग बदलायची तर मला तरी सांगायचं. तीन वर्षं माझ्या अंगणात

बुधवार, २८
शाळेत तपासनीस. घरी आल्यावर कंदील पुसला. कोणाशी बोललो नाही. नाही, पोस्टमनशी बोललो.

रविवार, २ डिसेंबर
आला नाही. येणार नव्हताच. तरी आठपर्यंत दोन खुर्च्या बाहेर होत्या.
वेळ जाईना म्हणून ही वही मागून चाळली. अठरा तारखेचं पान. 'करडईचं तेल सोडा.' माझंच अक्षर.
तडक स्वैपाकघरात गेलो. माझ्या बंदुकीत चमचाभर तेल सोडलं, क्लबात नेली. रविवार सकाळ, माळ्याशिवाय कोणी नव्हतं. पहिला बार: नळीतून निळसर धूर, आणि तोच तळणीचा वास. काटा रेघेपलीकडे. मारत गेलो. बाराव्या बाराला धूर संपला, काटा पुन्हा रेघेच्या अलीकडे.
इतकं साधं. दट्ट्याखाली हवा एकदम दाबली गेली की तापते. पाचवीच्या पोराला सायकलचा पंप हाती देऊन मी हेच शिकवतो. त्या तापलेल्या हवेत तेल पेटतं आणि त्याचा धक्का छर्‍याला मिळतो. स्प्रिंगचा काही संबंध नाही. फेरफार कुठलाच नाही. धों.ने तपासणीला जायचं म्हणून नीट तेलपाणी केलं, एवढाच गुन्हा. तेही मी सांगितलं म्हणून.
आणि चारचौघांत हे बोलला नाही. बोलला असता तर परीक्षकच गोत्यात आला असता.
जेवलो नाही.

मंगळवार, ४ डिसें.
से.कडे गेलो. सगळं सांगितलं. चहा मागवला त्यांनी. म्हणाले, स्पर्धा झाली, कप दिला, आता कशाला उकरता. मी म्हटलं, वहीत एका माणसाच्या नावापुढे फेरफार लिहिलंय. तर म्हणाले, मग तुमच्या यंत्रावर भरवसा तरी कसा ठेवायचा? यंत्र बरोबर आहे, मी चुकलो, असं म्हटलं. ते म्हणाले, तेच ते. मग हळू आवाजात, "एका फिटरसाठी तुम्ही स्वतःचं हसं करून घेणार?"
घरी येऊन कमिटीला अर्ज लिहिला. मागण्या दोन. शेरा खोडावा. आणि बंदूक पुन्हा तपासावी, या वेळी आधी बारा बार मारून तेल जाळून मग. तेलाचा सल्ला परीक्षकाने स्वतः दिला होता, हेही लिहिलं. ते वाक्य लिहायला सर्वांत वेळ लागला. पुढचं मग आपोआप लिहिलं गेलं.

शुक्रवार, ७
धों.च्या खोलीवर गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदा. चाळ विचारत विचारत जावं लागलं, याचीच लाज वाटली.
त्याची बायको आत गेली, चहा आला. त्याने मला खाटेवर बसवलं, स्वतः उंबऱ्याशी. मी तेलाचं सांगितलं. अगदी पंपापासून समजावून. अर्धं झाल्यावर लक्षात आलं की मी शिकवतोय, आणि त्याला शिकायचं काही नाही.
तो म्हणाला, "त्ये मला तवाच कळलं हुतं. वास आला की." गिरणीत तेलातच हात असतात त्याचे.
मग बोलला का नाहीत, असं विचारलं. त्याने बशी खाली ठेवली.
"तुमी खुश झाला हुता, सायेब. म्या बगितलं. काटा पल्याड ग्येला तवा तुमी खुश झाला."
मला नाही म्हणता आलं नाही. झालो होतो. इतके दिवस त्या ठोकळ्याला सगळे हसत होते, आणि त्या घटकेला कोणी हसत नव्हतं. माझ्या यंत्राने चोर पकडला होता. चोर कोण, हे मी बघितलंच नाही. ही गोष्ट अर्जात लिहिलेली नाही. से.ना कळणारही नाही. पण घडली ती हीच.
मास्तरचा साहेब झालो, तेही आता लिहिताना कळतंय.
निघताना विचारलं, रविवारी याल का? "बगू की."

रविवार, ९
नाही. शाळेचे पेपर तपासले.

बुधवार, १२ डिसें.
कमिटीने अर्ज मान्य केला. से. नाखूश, पण दुसरे दोघे माझ्या बाजूने पडले. बंदूक यायची आणि पास व्हायची, मग शेरा खोडायचा, असं ठरलं. आधी खोडा म्हटलं, ऐकलं नाही. फेरतपासणी रविवारी सोळाला, सकाळी नऊ. सदस्यांसमक्ष. धों.ला कळवायचं माझ्याकडे.
चिठ्ठीत चार ओळी. त्या लगेच झाल्या. मायना होईना. 'श्री. धोंडिबा' लिहिलं, नोटिशीसारखं दिसलं. 'मित्रवर्य' लिहिलं, आणि त्याच्या उंबऱ्याशी बसण्याची आठवण झाली. तो कागद फाडला. 'धोंडिबा यांस,' लिहून पाहिलं. शाळा सुटेपर्यंत खिशात ठेवलं. शेवटी मायन्याची जागा कोरी सोडली, आणि खाली सही केली: 'मास्तर'.
शाळेच्या शिपायाबरोबर गिरणीच्या दारावर पाठवली, पाळी सुटायच्या वेळेला. उत्तर आण असं सांगितलं नव्हतं. तरी तो परत येईपर्यंत शाळेच्या फाटकाशीच उभा होतो.
भेटला का, विचारलं. भेटला म्हणाला. चिठ्ठी घेतली.
वाचली?
न्हाय, म्हणाला. घडी तशीच खिशात घातली त्येनी, आणि तुमची तब्येत कशी हाय म्हनून इचारलं.