आईनं सोडलेले वाल

१८ जाने., रवि.
डब्याचं झाकण निघेना म्हणून देवळाच्या पायरीवर आपटलं. गुरव आतून ओरडला, "ओ बाई, नारळ नाय तो!"
डब्यात वालाची उसळ. त्याला फोनमधला आईचा फोटो दाखवला. ही इथं यायची का? नाही. "धसईची ना? मग धसईतच बघा."
धसईतले देव विचारून झाले. डबा परत पिशवीत.

गेल्या आठवड्यात, आईच्या तेराव्याला, मावशी म्हणाली: नऊ वर्षांपूर्वी तुझ्या आईनं वाल सोडले. नवस. कुठल्या देवाला, कशासाठी, मलाही नाय सांगितलं. "दिनूच्या नोकरीसाठीच असंल. त्या देवापुढं वाल ठेवून सोडवायला पायजे गो. नायतर अडकली ती."
दिनू, माझा भाऊ, पुण्याहून, फोनवर: "ताई, तू कधीपासून देव मानायला लागलीस?"
मानत नाही.
आई मला वालाचं बिरडं वाढायची, स्वतः घ्यायची नाही. पित्त होतं म्हणायची. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

२५ जाने., रवि.
म्हसा. जत्रा उठलेली. मैदानात बैलांच्या खुंट्यांची भोकं. तिथं नाही.
वैशाखरे. रस्त्यालगत चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या. भाकरी, सुकटीची चटणी. भाजणारी म्हणाली, "डब्यात काय?" वाल. "मग खा की." देवाचे आहेत. "देव काय उपाशीय?"
पुढचं देऊळ जुनं. खांबांवरच्या नर्तकींना गुलाबी ऑइलपेंट. पुजारी नवा. त्यानं फोटो नीट पाहिला, तेवढंच.
कल्याणला पोचेपर्यंत उसळ आंबली.

१ फेब्रु., रवि.
शहापूरकडे. बस, रिक्षा, मग पायी. नदीकाठी दगडी देऊळ. शिखर पडलेलं, गाभारा शाबूत. म्हातारी गुरवीण झाडत होती. फोटो बघून केरसुणी खाली ठेवली.
"वालवाली! कुठाय ती?"
सांगितलं. ती पायरीवर बसली.
आई एवढ्या लांब का यायची, विचारलं. "तुमच्याकडं बोलली असती तर गावभर झालं असतं."
भावाच्या नोकरीसाठी ना?
"नाय गो. पोरीसाठी. कल्याणला मास्तरीण हाय म्हणं. दर म्हयन्याला येते, जेवते, पाचच्या गाडीनं जाते. तिनं एक रात माझ्याकडं ऱ्हावं, असं मागायची."
आणखी?
"आणखी काय? मी म्हटलं, अगो येडे, ह्यासाठी देव कशाला? पोरीलाच सांग ना. तर म्हणाली, सांगितलं तर ऱ्हाईल गो. मग ते सांगून ऱ्हाईल्यागत."
मी डबा उघडला. तिनं माझ्याकडं पाहिलं.
"ती पोरगी तू?"
हो.
"ऱ्हायलीस कधी?"
पेपर असायचे. सकाळचं कॉलेज असायचं. हे तिला सांगितलं नाही. नाही, म्हटलं.
तिनं झाकण लावून डबा परत दिला. "मग कसे ठेवतेस?"

७ फेब्रु., शनि.
धसई. मावशीकडून किल्ली घेतली. घर झाडलं. कणगीत आईचे वाल सापडले, राखेत घोळवलेले. चार मुठी भिजत घातले. आत्तापर्यंत बाजारातून सोललेलेच आणत होते.
मावशी दारातून: "पाचची गाडी जाईल गो तुझी."
जाऊ दे.
ती आत आली नाही. "आता ऱ्हाऊन काय?" म्हणाली. मग स्वतःच्या घरून गोधडी आणून ओट्यावर ठेवली.

८ फेब्रु., रवि.
सकाळी वाल उपसले. मोड नव्हते.
मावशी हसली. "कॉलेजात शिकवतेस आणि एवढं माहीत नाय? भिजायला एक रात, मोडाला दुसरी. तू रविवारी यायची म्हटल्यावर ती शुक्रवारीच भिजवायची."
फडक्यात बांधून खुंटीला लावले.
उद्या आठला तास आहे.