चंचल वरच्या मजल्यावर जाते

६ नोव्हेंबर
आजही वरच! शाळेतून आली, दप्तर फेकलं. "काकीकडे जातो" — आणि गेली. तिच्यासाठी केलेले पोहे थंड झाले. मीच खाल्ले.
काकी म्हणजे रेणू, माझी धाकटी जाऊ. वर राहते. चंचल तिच्या बाळाला खेळवायला जाते असं मी समजत होते. पण बाळ झोपलेलं असलं तरी दार बंद! आत खुसुरफुसुर. आठवीतल्या पोरीचं काकीशी एवढं काय बोलणं? माझ्याशी दोन शब्द — "भूक नाही."

८ नोव्हेंबर
गच्चीवर कपडे काढायला गेले. दोघी टाकीमागे. रेणू पोरीसारखा आवाज काढून म्हणत होती — "चल नं, भित्री! एक दिवस ट्यूशन बुडवली तर काय होते? नाही आली तर उद्यापासून कोणी बोलनार नाही तुह्याशी." चंचल मान खाली घालून उभी.
मला पाहिलं तशी रेणू पदर सावरत पुढे आली.
"काही नाही दीदी. असंच खेळून राहिलो."
खेळ! म्हणजे मैत्रिणी माझ्या पोरीवर दादागिरी करतात, आणि रेणू तिला नाही म्हणायला शिकवते. हे तिला माहीत. मला नाही! नऊ महिने पोटात कोणी ठेवलं?

९ नोव्हेंबर
झोप नीट नाही. सकाळी रेणूशी बोलले नाही. दळण तिच्या दारात तसंच ठेवून आले.

१० नोव्हेंबर
आज मीही प्रयत्न केला. समोसे आणले. जवळ बसवलं. हळूच विचारलं — निदान मला तरी हळूच वाटलं.
"कोण त्रास देते तुले? दुलारी? ती काऊन येत नाही आता घरी?"
जिवलग मैत्रिणीचं, दुलारीचं नाव निघताच तिचा चेहरा उतरला. मग तीच!
"तू नको पडू मम्मी यात."
"काकी चालते, मी नाही चालत?"
तोंडातून निघूनच गेलं. ती उठली. समोसा अर्धा.
हे म्हणाले, "अंजू, तू इचारत नाही. झडती घेते." यांनाही माझंच चुकलेलं दिसतं!

१२ नोव्हेंबर
चंचलचं वर जाणं बंद केलं. रेणूलाही जिन्यात गाठलं.
"माह्या पोरीची मम्मी मी आहो. तू आपल्या लेकराकडं पाह्य."
तिचे डोळे भरले. एवढंच म्हणाली — "तिच्यावर ओरडू नका दीदी. ती सांगन तुमाले."
खोटं कशाला लिहू, तिचा चेहरा पाहून बरं वाटलं. चहा होईपर्यंत तरी.

१३ नोव्हेंबर
जिंकले म्हणू? चंचल घरात आहे आणि नाहीही. जेवली नाही. वर बाळ रडलं तर छताकडे पाहते. मीही पाहते.

१४ नोव्हेंबर
बालदिन. शाळेत कार्यक्रम होता. गेली नाही. पोट दुखते म्हणे.

१५ नोव्हेंबर
भाजी फोडणीला टाकत होते. मागे येऊन उभी राहिली.
"मम्मी, ओरडशील?"
"नाही."
"दुलारीले आमी एकटं पाडलं. ट्यूशन बुडवून तळ्यावर रील बनवाले ती नाही म्हणे. पोरी मले म्हणाल्या, तुही मैत्रीण आहे, तूच सांग तिले — उद्यापासून तुह्याशी कोणी बोलनार नाही. मीच सांगितलं, मम्मी. नाही सांगितलं असतं तर माह्याशी कोणी बोललं नसतं. आता ती शाळेतच येत नाही." मग रडत रडत — "त्या दिवशी गच्चीवर काकी मी झाली होती, अन् मी दुलारी. काकी रोज म्हणे, मम्मीले सांग. मलेच भेव वाटे."
रोज म्हणे!
गॅस बंद केला. तिला जवळ घेतलं. ओरडले नाही. जिन्याशी जाऊन हाक मारली — "रेणू, खाली ये. दुलारीच्या घरी जायचं आहे. मले एकटीले नाही जमणार."